देह उतरविण्याची अट

इसवी सनाच्या दहाव्या शतकांत स्पेनच्या उत्तरेस लेओन नांवाचें एक ख्रिस्ती राज्य होतें. तेथील राजा पहिला सांचो ह्यास इतिहासानें ‘लठ्ठ’ हें विशेषण कायमचें चिकटविलें आहे. त्याला घोड्यावर बसतां येईना. आणि राजानें स्वतः सैन्याच्या अग्रभागीं राहावयाचें अशा त्या काळीं ही उणीव क्षम्य नव्हती. ९५८ सालीं सरदारांनीं त्यास पदच्युत केलें. त्याची आजी, नव्हाराची राणी तोदा, मोठी करारी स्त्री. तिनें नातवाला घेऊन थेट कोर्दोबा गांठलें. म्हणजे ज्यांच्याशीं लढण्यांत घराण्याच्या पिढ्या गेल्या, त्याच मुसलमान खलिफाच्या दरबारीं ती गेली. खलिफा तिसरा अब्दुर्रहमान ह्याचा ज्यू वैद्य व मुत्सद्दी हसदाई इब्न शाप्रूत ह्याच्या हवालीं सांचोचा देह करण्यांत आला. त्याचें तोंड टांके घालून शिवलें व नळीनें पातळ आहार दिला, ही हकीकत हल्लीं मोठी रंगवून सांगितली जाते. अकराव्या शतकांतील बखरकार सांपिरो मात्र एवढेंच लिहितो कीं, मुसलमानांनीं एक वनस्पति आणली आणि तिच्या योगानें पोटाचा मेद उतरला. पुढें खलिफाच्या साहाय्यानें ९६० च्या सुमारास सांचो पुनः गादीवर बसला.

तेथें अट सरळ होती: आधीं देह उतरवा, मग राज्य घ्या. हजार वर्षांनीं हीच अट शल्यवैद्याच्या दाराशीं उभी राहिली, आणि तेथें ती तितकी सरळ उरली नाहीं.

१९५४ सालीं अमेरिकेंत मिनेसोटा येथें क्रेमेन, लिनर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लहान आंतड्याचा बराचसा भाग वगळून अन्न पुढें नेण्याची कल्पना मांडली. १९६६ सालीं आयोवा विद्यापीठांतील डॉ. एडवर्ड मेसन ह्यांनीं जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो थेट आंतड्यास जोडला. व्रणासाठीं जठराचा भाग काढलेले रोगी पुढें वजन धरीत नाहींत, हें त्यांच्या ध्यानीं आलें होतें. ही शस्त्रक्रिया कोणावर करावी, हें १९९१ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें भरविलेल्या परिषदेनें ठरविलें. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें. येणारा आंकडा ४० असावा, किंवा गंभीर व्याधि जडली असल्यास ३५. १६० सेंटिमीटर उंचीच्या मनुष्यास ४० म्हणजे सुमारें १०२ किलो.

अमेरिकेंतील अनेक विमा कंपन्यांनीं ह्यावर आपली अट चढविली. खर्च मिळण्यापूर्वीं कित्येक महिने, बहुधा सहा, देखरेखीखालीं पथ्य झालें पाहिजे. कोठें कोठें तर ठरावीक वजन उतरलेंच पाहिजे. वर्षानुवर्षें उपासतापास करूनहि ज्याचा देह उतरला नाहीं, तोच तर दाराशीं आलेला. आणि त्यालाच सांगावयाचें कीं, आधीं उतरून दाखव! शिवाय पथ्य फळलें आणि आंकडा ४० च्या खालीं आला, तर पात्रताच जाईल काय, ही धास्ती निराळीच.

परंतु अटीची एक बाजू खरोखरीच वैद्यकीय आहे, आणि दोहोंची गल्लत होतां कामा नये. स्थूल मनुष्याचें यकृत बहुधा मेदानें फुगलेलें असतें व त्याचा डावा खंड नेमका जठरावर पडलेला असतो. पोटास लहान छिद्रें पाडून दुर्बिणीनें काम करतांना हें जड यकृत बाजूस सारणें अवघड जातें व रक्तस्रावाचें भय असतें. म्हणून आधीं कांहीं दिवस अत्यल्प आहार देतात. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या मेलबर्न येथील एका अभ्यासांत ३२ रोग्यांना १२ आठवडे असा आहार दिला होता. यकृत जेवढें आकसलें, त्यांपैकीं सुमारें ८० टक्के पहिल्या दोनच आठवड्यांत आकसलें. दोन आठवड्यांचें काम आणि सहा महिन्यांची अडवणूक, हा फरक येथें उघड दिसतो.

२०१६ सालीं अमेरिकन शल्यवैद्यांच्या संस्थेनें विमा कंपन्यांची ही सक्ति पक्षपाती व शास्त्रास सोडून आहे, असें जाहीर केलें. २०२२ सालीं तिनें जागतिक संस्थेसह १९९१ चे आंकडेहि बदलले: व्याधि असो वा नसो, ३५, मधुमेहासारखा विकार असल्यास ३०. आशियांतील लोकांना, त्यांत आपणहि आलों, मधुमेह कमी वजनांतच गांठतो. म्हणून त्यांच्यासाठीं २७.५. म्हणजे त्याच १६० सेंटिमीटर उंचीच्या मनुष्यास आतां १०२ नव्हे, सुमारें ७० किलो.