तगराचा समुद्र

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. बालाघाटच्या रांगांवर आणि त्यांच्या उतारांवर पसरलेला हा कमी पावसाचा मुलूख कोकण किनाऱ्यापासून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे 300 किलोमीटर आत आहे, आणि येथे पडणारे पाणीसुद्धा तेरणा, मांजरा, सीना यांच्या वाटेने पूर्वेलाच वाहून जाते. तरीही या जिल्ह्याचा प्राचीन इतिहास बंदरांची नावे घेतल्याशिवाय सांगता येत नाही. भडोच, सोपारा, कल्याण, चौल आणि दाभोळ ही गावे ज्या वाटांनी येथल्या तेर आणि परंडा या गावांशी जोडली गेली, त्या वाटांवरून केवळ माल गेला नाही. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या माणसांमधला विश्वास, ओळख आणि स्नेह यांचाही प्रवास त्याच वाटांनी झाला.

आज मराठी वाचकाला तेर माहीत असते ते गोरोबाकाकांचे, म्हणजे संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून. तेरणेच्या काठच्या या गावात मातीच्या कामाची परंपरा मात्र गोरोबांच्याही हजारेक वर्षे मागे जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर यांतील बंदरांची माहिती देणारा ग्रंथ लिहिला, जो ‘पेरिप्लस’, म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने करावयाच्या सफरीचे वर्णन, या नावाने ओळखला जातो. त्यात दक्षिणापथातील दोन नगरे विशेष महत्त्वाची म्हणून येतात: बारिगाझा अर्थात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असलेले पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर असलेले तगर. दुसऱ्या शतकातील भूगोलज्ञ टॉलेमी यानेही तगराची नोंद केली आहे. हे तगर नेमके कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकातील पंडितांमध्ये मोठा वाद होता, आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या व्यासंगी संशोधकाचा कौल जुन्नरच्या बाजूने पडला होता. 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले, त्यानंतर हेन्री कझन्स यांनी तेरची पाहणी करून तेथील वास्तूंचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि 1958 पासून झालेल्या उत्खननांनी त्या मताला भक्कम आधार दिला.

ग्रंथातील दिवसांचा हिशेब नकाशाशी ताडून पाहिला, तर त्या काळच्या वाटेचे स्वरूप बरेच उलगडते. पैठण ते तेर हे सरळ अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे दहा दिवसांच्या प्रवासात रोजची मजल सुमारे पंधरा किलोमीटरांची होते; भडोच ते पैठण हे साडेतीनशे किलोमीटरांचे अंतर वीस दिवसांत कापायचे तर मजल थोडीच वाढते. वळणे आणि चढउतार जमेस धरले तरी ही चाल भरलेल्या बैलगाडीची आहे. ग्रंथकर्त्याने दिलेली पूर्व ही दिशा काटेकोर नाही, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला येते. परंतु बंदरात बसून गाडीवानांकडून माहिती गोळा करणाऱ्या लेखकाकडून एवढा फरक होणारच, आणि त्याने दिवस जवळजवळ अचूक सांगितले हीच अधिक लक्षणीय गोष्ट होय. माल गाड्यांनीच येतो, आणि बराचसा भाग धड रस्ता नसलेल्या प्रदेशातून येतो, असेही तो नोंदवतो. पैठणहून भडोचला मोठ्या प्रमाणात गोमेदासारखे रंगीत दगड जात, तर तगराहून जाडेभरडे कापड विपुल प्रमाणात, शिवाय तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि किनारपट्टीच्या भागातून तगरात येऊन पडलेला इतर माल जाई.

यातील शेवटचा तपशील सहज नजरेतून सुटतो, आणि तोच सर्वांत बोलका आहे. किनाऱ्याकडचा माल आधी तगरात यावा आणि मग पुन्हा दुसऱ्या किनाऱ्याकडे जावा, याचा अर्थ तगर हे वाटेचे टोक नसून मधला टप्पा होते. आणि हा पहिला किनारा पूर्वेचा, आंध्राच्या बाजूचा असावा, असे मानणेच सयुक्तिक ठरते. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचा जो पाया सापडला, त्याची रचना चाकाच्या आऱ्यांसारखी आहे, आणि अशी रचना नागार्जुनकोंडा येथील स्तूपांमध्ये दिसते; कृष्णेच्या खोऱ्यातील शिल्पपरंपरेशी नाते सांगणारे चुनखडीच्या दगडातील कोरीवकामही तेरला मिळाले आहे. दोन समुद्रांच्या मध्यावर, कापसाच्या काळ्या जमिनीत वसलेले हे गाव कापूस पिकवणाऱ्या आणि विणणाऱ्या मुलखाची मोठी पेठ बनले, यात नवल नाही.

मग प्रश्न असा उरतो, की कल्याण आणि सोपारा ही बंदरे कितीतरी जवळ असताना तेरचे कापड तीस दिवसांची वाट तुडवत भडोचलाच का जात होते. उत्तर त्याच ग्रंथात आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापाराचे बंदर होते, परंतु सत्ता बदलल्यानंतर तेथे अडवणूक सुरू झाली आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे ग्रंथकर्ता सांगतो. सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप या दोन सत्तांमधल्या झगड्याचा हा परिणाम होता. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे 1906 साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर क्षत्रप नहपानाच्या छापावर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा उमटवलेला आहे, आणि या झगड्याचा शेवट कसा झाला ते त्यावरून कळते. राजांच्या भांडणात बंदर बंद पडले की आतल्या गावच्या गाडीवानाची वाट बरीच लांबते, हे येथे पहिल्या शतकातच दिसते.

या वाटांवर प्रवाशाची सोय कशी होती, याचा सर्वांत तपशीलवार पुरावा नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात मिळतो. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे भडोच, मंदसौर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि सोपारा, या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या; इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट उतरण्यासाठी नावा ठेवल्या. पार, दमणगंगा आणि डहाणू ही आजची नावे त्या यादीत सहज ओळखू येतात. भडोच आणि सोपारा यांच्यामधली ही किनाऱ्याची वाट नदीमागून नदी ओलांडत जाणारी होती, आणि नावाड्याला द्यायचे पैसे वाचणे ही सामान्य वाटसरूच्या दृष्टीने राजाच्या कोणत्याही विजयापेक्षा मोठी गोष्ट असली पाहिजे. घाटमाथ्यावरून कल्याणकडे उतरणारा नाणेघाट याच काळातला. तेथील सातवाहनांचे लेणे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण प्रसिद्धच आहे.

उषवदाताच्या लेखांत आणखी एक गोष्ट आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे 2000 कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1000 कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने कायमचे ठेवले. श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांचा संघ, आणि कार्षापण हे त्या वेळचे चांदीचे नाणे. मूळ रक्कम परत मागायची नाही, फक्त व्याजातून लेण्यातील भिक्षूंचा खर्च पिढ्यान्‌पिढ्या चालावा, अशी ही व्यवस्था होती. देणारा मेल्यानंतरही पैसे सांभाळणारे विणकर बुडवणार नाहीत, या भरवशावर ती उभी होती. तेरच्या कापडाचा धंदाही अशाच भरवशाशिवाय चालणे शक्य नव्हते, कारण तेरच्या विणकराने भडोचच्या जहाजवाल्याला आणि जहाजवाल्याने रोमन साम्राज्यातील गिऱ्हाइकाला बहुधा कधीच पाहिले नसणार.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या आणि आता त्यांच्याच नावाने शासकीय संग्रहालयात जतन केलेल्या वस्तूंमधून या अनोळखी माणसांची एकमेकांना झालेली ओळख हाताला लागते. रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेल्या मातीच्या चकत्या, दोन साच्यांत घडवलेल्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्या, असंख्य मणी आणि शंखाच्या बांगड्या त्यांत आहेत. शंख तेरणेत होत नाही. तो समुद्रातूनच यावा लागतो, म्हणून शंखाची प्रत्येक बांगडी हा किनाऱ्यापर्यंतच्या वाटेचा पुरावाच ठरतो. याच संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे 1938 साली सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी जवळचे साम्य आहे, आणि भोकरदन येथेही त्याच घडणीचा नमुना मिळाला आहे. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, तेव्हा ती मूर्ती त्याआधीच तेथे पोहोचली होती, हे निश्चित.

रोमन व्यापार ओसरला, तेरचे वैभवही उतरणीला लागले, परंतु नाव टिकले. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या 612 सालच्या ताम्रपटात, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या दानपत्रात, दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी आहे. त्याहून हृद्य अशी गोष्ट किनाऱ्यावर घडली. उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर येथे राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या तिन्ही घराण्यांनी ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचा स्वामी, असे बिरुद लावले. बिरुद म्हणजे राजाच्या नावाआधी मानाने लावायची पदवी. राष्ट्रकूटांनी लट्टलूर, म्हणजे शेजारचे लातूर, आपले मूळ गाव सांगितले, तसेच शिलाहारांनी तगर सांगितले. वस्तुतः त्यांच्या ताब्यात ठाणे, चौल, बलिपत्तन यांसारखी बंदरे होती आणि तगरावर त्यांची सत्ता नव्हती. अरब प्रवासी अल्-मसूदी 916 च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तेथे झंझ हा शिलाहार राजा होता आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व स्थायिक झालेले सुमारे दहा हजार मुसलमान त्या गावात राहत होते. अशा गजबजलेल्या बंदरांवर राज्य करणाऱ्या घराण्याने आपली प्रतिष्ठा सांगताना मराठवाड्यातील एका आतल्या गावाचे नाव घ्यावे, यातच तगराची थोरवी दिसते. पूर्वी कापड समुद्राकडे गेले होते. आता नाव गेले.

जिल्ह्याच्या पश्चिमेकडील परंड्याचा किल्ला या कथेचा पुढचा भाग सांगतो. परंपरेने तो बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान याच्या नावाशी जोडला जातो. गवान हा कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतातला. 1453 च्या सुमारास, वयाची चाळिशी उलटल्यावर, तो व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात उतरला आणि तेथून बीदरला गेला, तो शाह मुहिबुल्ला या सत्पुरुषाची कीर्ती ऐकून त्यांना भेटण्याच्या ओढीने. ज्याला कधी पाहिले नाही अशा माणसासाठी समुद्र आणि घाट ओलांडून आलेला हा व्यापारी पुढे ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, या पदवीपर्यंत आणि राज्याच्या सर्वोच्च पदापर्यंत चढला. 1472 मध्ये त्याने गोवा जिंकून घेतले, आणि बीदरच्या त्याच्या मदरशाचे बांधकामही त्याच वर्षीचे.

त्याच सुमारास रशियातील त्वेर नगरचा व्यापारी अफानासी निकितीन चौलला उतरून, एक घोडा घेऊन, जुन्नरमार्गे बीदरला गेला. जुन्नरला तेथील सरदाराने त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली, तेव्हा एका खुरासानी गृहस्थाने मध्यस्थी करून त्याची सुटका केली. परमुलखात परक्यानेच परक्याचा हात धरल्याचे हे उदाहरण त्याच्या प्रवासवर्णनात आहे, आणि बीदरच्या दरबारातील मलिक-उत्-तुज्जाराचा उल्लेखही आहे. त्याने वर्णिलेली वीस हजार घोड्यांची जत्रा अभ्यासक आळंद येथे मानतात, आणि आळंद तालुका धाराशिवच्या उमरगा तालुक्याला लागूनच आहे. दख्खनमध्ये विकले जाणारे उत्तम घोडे अरबस्तान आणि इराणकडून जहाजांनी येत आणि बंदरांतून घाट चढून वर जात. निकितीन परतला तो दाभोळहून.

गवानाची खरी दौलत मात्र त्याची पत्रे होती. ‘रियाज-उल-इन्शा’ या नावाने त्यांचा फारसी संग्रह उपलब्ध आहे. इन्शा म्हणजे पत्रलेखनाची कला, आणि त्या काळी ती विद्वत्तेची कसोटी मानली जाई. हेरातचा महाकवी जामी, तुर्कस्तानचा सुलतान आणि दूरदूरचे विद्वान यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. जामीला त्याने दख्खनला येण्याचे आग्रहाचे निमंत्रण दिले, जामीनेही आदराची उत्तरे लिहिली, पण तो आला नाही; दोघांची मैत्री कागदावरच राहिली, आणि तरी ती दोघांनीही मनापासून जपली, हे त्या पत्रांवरून जाणवते.

ज्या कागदाने ही मैत्री जोडली, त्यानेच गवानाचा घात केला. अनोळखी माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तर त्याची खूण मुद्रेत, म्हणजे मोहरेत असते, आणि विरोधकांनी गवानाच्या मोहरेचा ठसा एका कोऱ्या कागदावर मिळवला. त्यावर ओडिशाच्या राजाला उद्देशून फितुरीचा मजकूर लिहून ते पत्र सुलतान तिसरा मुहम्मदशाह याच्यापुढे ठेवण्यात आले. मोहर आपली आहे, पण मजकूर आपला नाही, असे गवानाने सांगितले. सुलतानाने मोहर पाहिली आणि 5 एप्रिल 1481 रोजी सत्तरी गाठलेल्या वजिराचा शिरच्छेद करवला. दाभोळला उतरलेल्या त्या व्यापाऱ्याची कबर बीदरजवळ आहे. परंड्याचा किल्ला आजही उभा आहे.