गळ, वेळू आणि दुकानदाराचे नाव

एकाच वस्तूसाठी दोन-चार दुकाने पाहावीत आणि मगच गाठीचा पैसा सोडावा, ही रीत बाजाराइतकीच जुनी आहे. परंतु काही वस्तूंची दुकानात परीक्षाच होत नाही. भाजी दाबून पाहता येते, कापड उजेडात धरता येते. मासे धरण्याचा गळ मात्र मासा लागेपर्यंत आपला गुण सांगत नाही. त्याचे पोलाद नरम असेल तर तो उघडतो, फार कडक असेल तर मोडतो. आणि हे कळते ते घरापासून दूर, नदीच्या काठी. म्हणून गळाचा गिऱ्हाईक खरे पाहता मालाची तुलना करीत नाही. तो दुकानदारांची तुलना करतो. या तुलनेचा इतिहास आम्हांला मननीय वाटतो, कारण त्याचा एक धागा थेट कलकत्त्यापर्यंत येऊन पोहोचतो.

इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचा ‘द कंप्लीट अँग्लर’ हा ग्रंथ १६५३ साली प्रसिद्ध झाला. वॉल्टन स्वतः लंडनमधील कापडाचा व्यापारी. तेव्हा दुकानदारीचे मर्म त्याला शिकवायला नकोच होते. ग्रंथातील गुरू शिष्याला साहित्य कोठे घ्यावे ते सांगताना दोन दुकानांची नावे घेतो. एक गोल्डिंग लेनमधील चार्ल्स ब्रँडनचे, दुसरे सेंट पॉल देवळाच्या पश्चिम टोकाजवळील फ्लेचरचे. दोघेही सचोटीचे, असा निर्वाळा देऊन तो निवड शिष्यावर सोपवितो. शिष्य ब्रँडनला पसंत करतो; कारण एवढेच, की ते दुकान त्याच्या घरापासून जवळ आहे. भावाचा प्रश्न निघतच नाही. सचोटी समान ठरली, की मग पायपीट वाचवावी, हा त्याचा सरळ हिशेब.

पुढील आवृत्त्यांत ही नावे बदलली. ब्रँडन आणि फ्लेचर यांच्या जागी स्टब्स आणि मार्ग्रेव्ह आले, आणि खास गळांसाठी शू लेनमधील चार्ल्स कर्बी याची शिफारस झाली. म्हणजे वॉल्टन आपली माहिती ताजी ठेवीत होता. यांपैकी कर्बीचे नाव चिरंजीव झाले. टोक किंचित बाजूला कललेल्या गळाच्या घडणीला आजही त्याच्याच नावाने ओळखतात. माणूस गेला, दुकान गेले, नाव मात्र लोखंडाच्या वाकात राहिले.

या काळातल्या गिऱ्हाइकाला कारागिराच्या दारापर्यंत चालत जाता येत असे. पुढे हा धंदा वूस्टरशायरमधील रेडिच या गावी एकवटला. तेथे सुया होत, आणि सुयांच्याच तारेपासून गळ होत. एकोणिसाव्या शतकात रेडिचचे गळ देशोदेशी जाऊ लागले आणि कारागिराच्या चेहऱ्याची जागा पुड्यावरील छापाने घेतली.

हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याची अडचण याहून मोठी होती. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहून येथल्या महाशीर माशाची कीर्ती वाढविली. हा मासा जबड्याच्या जोरावर गळ चेपून टाकतो. विलायती नद्यांसाठी घडविलेले नाजूक साहित्य त्याच्यापुढे टिकत नाही. पण दुकान होते सात समुद्रांपलीकडे. तेव्हा सूचीपत्र हेच दुकान झाले. १८७१ साली लष्करी व आरमारी अधिकाऱ्यांनी लंडनमध्ये ‘आर्मी अँड नेव्ही’ ही सहकारी संस्था काढली होती. घाऊक खरेदी आणि रोखीचा व्यवहार यांमुळे तिचे भाव उतरते असत. तिच्या जाडजूड सूचीपत्रात तंबू, सफरी खाटा, गळाच्या काठ्या असे सारे मिळे. १८९१ मध्ये मुंबईस आणि १९०१ मध्ये कलकत्त्यास तिच्या शाखा निघाल्या. दुसरीकडे, १८७२ साली अल्निक गावी निघालेली हार्डी बंधूंची पेढी स्वतःचे सचित्र सूचीपत्र काढी. गिऱ्हाईक दोन्ही पुढ्यात ठेवून तुलना करी. पण ती कागदाची कागदाशी. ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ ही आपली म्हण त्याला ठाऊक असती, तर त्याने ती स्वतःलाच लावून घेतली असती.

आता तो कलकत्त्याचा धागा. वेळू चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून केलेल्या काठ्यांना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठा मान मिळाला. अमेरिकेत मेन प्रांतातल्या हायरम लेनर्डने त्या नावारूपास आणल्या. त्यांसाठी लागणारा वेळू ‘कलकत्ता केन’ या नावाने विके. आपल्याकडे ज्याच्या लाठ्या होतात, तोच हा भरीव वेळू. त्याच्यावर भाजल्याचे काळे डाग असत, आणि पारखी लोक ते ओळखत. कलकत्ता शहरात काही वेळूची बेटे नव्हती. माल जेथून जहाजात चढला, त्या बंदराचे नाव त्याला चिकटले. तोडणाऱ्याचे नाव कोणी विचारले नाही. आणि येथलाच वेळू विलायतेस जाऊन, पितळेची टोपणे लेवून, त्या पेढीच्या नावाने परत आला, तर येथले गिऱ्हाईक त्याची किंमत आनंदाने देत असे! पुढे विसाव्या शतकात चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील वेळूने त्याची जागा घेतली. त्यालाही नाव मिळाले ते ‘टोंकिन’, म्हणजे दुसऱ्याच मुलखाचे.

दुकानांची तुलना करणे वाईट, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. गिऱ्हाइकाचे तेच एक शस्त्र आहे. पण अंतर वाढत गेले तसतसा या तुलनेचा विषय बदलत गेला. प्रथम माणसे तोलली गेली, मग छाप आणि शेवटी छापील पाने. वेळूच्या जागी काचतंतू आणि कार्बन आले, तरी तराजू तोच राहिला. भाव आज क्षणात कळतात. सचोटीचा निर्वाळा मात्र अजूनही कोणा ओळखीच्या माणसाच्या तोंडूनच ऐकावासा वाटतो. वॉल्टनच्या शिष्याला जवळचे दुकान निवडता आले, कारण दोन्ही दुकानदारांना ओळखणारा गुरू त्याच्या शेजारी चालत होता.