आत्मा विकून घेतलेला दिवा

१/ ऑक्टोबर १९३४. लेखिका गर्ट्रूड स्टाइन सुमारे तीस वर्षांनी पॅरिसहून मायदेशी, न्यूयॉर्कला परतल्या. टाइम्स स्क्वेअरमधील विजेच्या फिरत्या फलकावर त्यांच्या आगमनाची बातमी झळकत होती. चार वर्षांनी त्यांनी एक नाटक लिहिले. त्याचा नायक विजेच्या दिव्यासाठी आत्मा विकतो.

२/ कथा मुळात जुनी. १६व्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीत फाउस्ट नावाचा भटका ज्योतिषी व जादूगार होऊन गेला. त्याच्याभोवती जमलेल्या दंतकथा १५८७ मध्ये फ्रँकफुर्टचे मुद्रक योहान श्पीस यांनी छापल्या. त्यातला करार असा : २४ वर्षे सैतान फाउस्टची सेवा करील, त्यानंतर फाउस्ट सैतानाचा.

३/ पुढे प्रत्येक युगाने या करारात आपली हाव ओतली. मार्लोचा फाउस्ट ज्ञान व सत्ता मागतो आणि नरकात जातो. १८३२ मध्ये प्रकाशित झालेल्या गटेच्या दुसऱ्या भागात तो समुद्र हटवून जमीन मिळवतो. त्या योजनेच्या आड येणाऱ्या वृद्ध जोडप्याचे घर जळून जाते.

४/ स्टाइन यांचा जन्म १८७४ चा. एडिसनने आपला दिवा जगाला दाखवला तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. काळोखी रात्र संपताना त्यांच्या पिढीने पाहिली. १९३८ च्या ‘डॉक्टर फाउस्टस लाइट्स द लाइट्स’मध्ये पडदा उघडतो तेव्हा करार आधीच झालेला असतो आणि फाउस्टस संतापलेला असतो. घाई केली नसती, तर दिवा आपणच शोधला असता. मग सैतान कशाला हवा होता? आणि आपल्याला आत्मा होता, हे तरी कशावरून?

५/ नाटकात एक कुत्रा आहे. तो बोलतो आणि सतत आभार मानतो. पूर्वी तो चंद्राकडे पाहून भुंकत असे. विजेच्या उजेडात रात्रच उरली नाही, म्हणून आता भुंकत नाही. शेवटी फाउस्टसला नरकात जायचे असते, पण आत्म्यावाचून तिथे प्रवेश नाही. त्यासाठी पाप करावे लागेल, म्हणून तो त्या कुत्र्याला आणि त्याच्यासोबतच्या मुलाला मारतो.

६/ ही मूळची ऑपेराची संहिता. लॉर्ड बर्नर्स तिला संगीत देणार होते. ते झाले नाही. स्टाइन १९४६ मध्ये वारल्या. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘लिव्हिंग थिएटर’ने हे नाटक रंगमंचावर आणले.

७/ १९९० च्या दशकाच्या अखेरीस, न्यूयॉर्कच्याच ‘वूस्टर ग्रुप’ने एलिझाबेथ लकॉम्प्ट यांच्या दिग्दर्शनाखाली ‘हाउस/लाइट्स’ सादर केले. स्टाइन यांची संहिता १९६४ च्या एका सवंग चित्रपटाशी गुंफली होती. मंचावर व्हिडिओचे पडदे होते. नट त्या चित्रपटातील हालचालींची हुबेहूब नक्कल करत.

८/ फाउस्टसच्या भूमिकेत केट वॉक. त्यांच्या कानात यंत्र, त्यातून ऐकू येणारे संवाद त्या त्याच क्षणी उच्चारत. त्यांचा आवाजही यंत्रातून बदलून प्रेक्षकांपर्यंत पोहोचे. १९३८ मध्ये कागदावर असलेला प्रश्न आता नटीच्या देहावर दिसू लागला : यंत्र कोण चालवतो आणि यंत्र कोणाला चालवते?

९/ प्रत्येक पिढीच्या हाती नवे यंत्र येते आणि फाउस्टची कथा पुन्हा मंचावर येते. स्टाइन यांच्या फाउस्टसला दिव्याचा पश्चात्ताप नाही; घाईचा आहे.