इंग्रजी शब्दसंपदा : सोप्या व्याख्या आणि उदाहरणवाक्यांचा मार्ग

छत्तीसगडची राजधानी असलेले रायपूर आणि नागपूर ही दोन्ही शहरे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती. या जुन्या संबंधांमुळे रायपुरात अनेक मराठी भाषक कुटुंबे स्थायिक झाली आहेत. तेथील मराठी मुलांच्या कानांवर घरी मराठी, तर शाळेत व बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी पडते. इंग्रजी शब्दांचे अर्थ मात्र त्यांना बहुधा इंग्रजी-हिंदी शब्दकोशातून शोधावे लागतात. येथेच एक अडचण उद्भवते.

समान शब्द, भिन्न अर्थ

'एज्युकेशन' या शब्दाचा हिंदी पर्याय 'शिक्षा' असा आहे. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. 'ऑब्जेक्शन'साठी हिंदीत 'आपत्ति' हा शब्द वापरतात. मराठीत आपत्ती म्हणजे संकट. 'प्रॅक्टिस' म्हणजे हिंदीत 'अभ्यास', अर्थात सराव. मराठीत अभ्यास म्हणजे अध्ययन. लिपी एक आणि शब्दही सारखाच, त्यामुळे अर्थातील हा फरक विद्यार्थ्याच्या सहज लक्षात येत नाही. इंग्रजी शब्दाचा अर्थ सोप्या इंग्रजीतच समजून घेतल्यास हा गोंधळ टाळता येतो.

पद्धतीचा उगम

या पद्धतीचे एक मूळ भारतातच आहे. अविभाजित बंगालमध्ये शिक्षणाधिकारी म्हणून काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९३५ मध्ये जेम्स एन्डिकॉट यांच्यासमवेत एक शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यातील सर्व व्याख्या केवळ १,४९० निवडक शब्दांत लिहिलेल्या होत्या. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांचा शब्दकोश १९४२ मध्ये तेथे निघाला. १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला. १९७८ च्या लाँगमन कोशात व्याख्यांसाठी सुमारे २,००० शब्दांची मर्यादा पाळण्यात आली, तर १९८७ च्या कोबिल्ड कोशाने पूर्ण वाक्यात अर्थ देण्याची रीत रूढ केली.

उदाहरणवाक्यांचे महत्त्व

व्याख्येवरून शब्दाचा अर्थ कळतो, तर वाक्यावरून त्याचा वापर कळतो. मराठीत 'उसने घेणे' आणि 'उसने देणे' या दोहोंत 'उसने' हा शब्द समान आहे. इंग्रजीत मात्र घेणाऱ्यासाठी 'बॉरो' आणि देणाऱ्यासाठी 'लेंड' ही स्वतंत्र क्रियापदे आहेत. 'मे आय बॉरो युअर पेन?' आणि 'कॅन यू लेंड मी युअर पेन?' ही दोन वाक्ये शेजारी लिहिली की भेद स्पष्ट होतो. त्याचप्रमाणे मराठीत चूकही 'करतात' आणि गृहपाठही 'करतात'. इंग्रजीत मात्र 'मेक अ मिस्टेक' आणि 'डू होमवर्क' असे म्हणावे लागते. केवळ प्रतिशब्द पाठ करून ही जाण येत नाही.

विद्यार्थ्यांसाठी सूचना

शब्दांच्या वहीत प्रत्येक नोंदीस तीन ओळी द्याव्यात : पहिलीत शब्द व उच्चार, दुसरीत सोपी इंग्रजी व्याख्या, तिसरीत स्वतःच्या दिनक्रमातील एक वाक्य. एका दिवशी मोजकेच शब्द घ्यावेत आणि काही दिवसांनी व्याख्या वाचून शब्द आठवून पाहावा. व्याख्येतील शब्दच अवघड वाटत असतील, तर तो कोश आपल्या पातळीचा नाही, असे समजावे.

मातृभाषेचे स्थान

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. झाडे, पक्षी, धान्ये यांची नावे व्याख्येपेक्षा प्रतिशब्दानेच लवकर समजतात. तेथे मराठी शब्द अवश्य लिहावा. एका भाषेतील संकल्पना दुसरीत नेमकेपणाने आणण्याचे काम करणारी परंपराही रायपूरशी निगडित आहे. या शहरात शिकलेले मराठी भाषक पत्रकार माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले आणि पुढे लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्य' या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला. इंग्रजीची वही भरताना मराठीची वही बंद करण्याचे कारण नाही. कोणता शब्द कोणत्या भाषेचा आणि तेथे त्याचा अर्थ काय, एवढे भान मात्र असावे.