पाण आणि थळ

‘पाणथळ’ हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय की त्याच्या पोटातलं भांडण कानाला टोचत नाही. थळ म्हणजे संस्कृतातलं स्थल, आणि स्थल म्हणजे मुळात कोरडी, जरा उंच जमीन. ‘जळी-स्थळी’ म्हणताना आपण दोघांना अजून वेगळं ठेवतो. पाणथळीत मात्र त्यांचा एकत्र संसार.

हा संसार बघायचा तर इंग्लंडात सॉमरसेटला, शॅपविक हीथच्या पाणथळीत एक फेरी मारावी. (फेरीच, प्रदक्षिणा नव्हे, तिथे दैवत उजव्या हाताला ठेवायचं बंधन नाही.) बोरूच्या बेटांमधून कधी पाणमांजर सरकतं, पाण्यावर काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला पक्षी तरंगतो. मराठीत त्याला वारकरी म्हणतात.

याच चिखलात नवाश्मयुगातल्या माणसांनी खुंट्या तिरक्या, फुलीसारख्या ठोकल्या, त्यांच्या बेचक्यात ओकच्या फळ्या टेकवल्या आणि एकामागे एक चालता येईल एवढी वाट केली. लांबी दोन किलोमीटरच्या आसपास. लाकडातल्या वर्तुळांवरून झाडं तोडल्याचा काळ निघतो: इ.स.पू. ३८०७-०६चा हिवाळा. पाण्यात हातानं घातलेलं थळच ते!

या वाटेचं नाव ‘स्वीट ट्रॅक’. गोडाकडे वळू नका. १९७० मध्ये पीट खणताना तिची फळी ज्यांना सापडली, त्या रे स्वीट यांचं ते आडनाव. नुसत्या नादावरून व्युत्पत्ती लावणारे असेच घसरतात. आणि या पीटला मराठीत घरचा शब्द नाही. ‘अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर’ म्हणणं म्हणजे भाकरीला ‘भाजलेलं पीठ’ म्हणणं.

इंग्रजीत एका प्रकारच्या पाणथळीला ‘फेन’ म्हणतात. हा फेन आणि आपला ‘पंक’ एकाच कुळातले, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. जर्मानिक भाषांत जुन्या ‘प’चा ‘फ’ होतो. पितृ आणि फादर ही ओळखीची जोडी. म्हणजे आपल्या शेजारच्या पंकजला इंग्लंडच्या दलदलीत चुलतभाऊ निघाला. संस्कृत ‘फेन’, म्हणजे फेस, हा मात्र निव्वळ नामसाधर्म्याचा पाहुणा.

फेरी मारणाऱ्याच्या पायाखाली ती जुनी फळी येत नाही. ती खाली पीटमध्ये आहे. भिजलेल्या थरात हवा पोचत नाही म्हणून टिकली; थर सुकला तर कुजेल. म्हणून तिथे पंपानं पाणी सोडून ते थळ ओलं ठेवावं लागलं.