शिवाजी विद्यापीठ : सागरमाळावरचे ज्ञानकेंद्र
दक्षिण महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना पदव्युत्तर शिक्षणासाठी पुणे वा मुंबई गाठावी लागे, त्या काळात, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. पहिले कुलगुरू इतिहास संशोधक डॉ. आप्पासाहेब पवार. प्रारंभी ३४ संलग्न महाविद्यालये, पाच पदव्युत्तर विभाग आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी एवढाच संसार होता. 'ज्ञानमेवामृतम्' हे विद्यापीठाचे ब्रीद. सोलापूर जिल्ह्यासाठी २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात राहिले.

या विद्यापीठाची खरी ओळख मात्र 'कमवा आणि शिका' योजनेत आहे. शेतकरी वा शेतमजुराच्या घरातील विद्यार्थी ठरावीक तास काम करतो आणि त्या श्रमावर आपले शिक्षण पुरे करतो. ही कल्पना येथे उसनी आणावी लागली नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, १९०१ मध्ये, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले होते. पुढे रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्वावलंबी शिक्षणाचा पाठ घालून दिला. त्या परंपरेचे विद्यापीठीय रूप म्हणजे ही योजना. घरून पैसे येणे शक्य नसलेल्या मुलाला ती दया दाखवीत नाही, काम देते, हे तिचे मोठेपण मानले पाहिजे.

सुमारे ८५० एकरांचा परिसर एके काळी सागरमाळ म्हणून ओळखला जाणारा उघडा माळ होता. आज तेथे दाट झाडी असून मोरांचा वावर आहे. मुख्य इमारतीसमोरील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९७४ चा. बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आणि ज्ञानपीठ विजेते वि. स. खांडेकर यांचे स्मृतिसंग्रहालय याच परिसरात आहे. साहित्यप्रेमींनी संग्रहालयासाठी थोडा निवांत वेळ राखून ठेवावा.

माळावर पाणी मिळणे कठीण. म्हणून पावसाचे पाणी तळी व विहिरींत अडवून साठविण्यात आले. त्याचा उपयोग केवळ विद्यापीठालाच झाला असे नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात उपसा केंद्रे पाण्याखाली जाऊन शहराचा पाणीपुरवठा ठप्प झाला, तेव्हा याच साठ्यातील पाणी नागरिकांच्या कामी आले.