शिक्षकाचें शिक्षण : २४ पंतोजींपासून 'दीक्षे'पर्यंत

मुलांच्या शिक्षणाविषयीं आपल्याकडे गेल्या दोनशें वर्षांत पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु ज्यानें शिकवावयाचें त्याच्या शिक्षणाविषयीं त्या मानानें फारच थोडें. आतां शिक्षकांचे वर्ग मोबाईलच्या पडद्यावर भरूं लागल्यापासून या विषयाकडे लोकांचें लक्ष थोडेंबहुत वळलें आहे. कोणी या नव्या साधनाची तोंड भरून स्तुति करतो, कोणी त्यांत शिक्षणाचा अंतकाळ पाहतो. साधन नवें असल्यामुळें प्रश्नही नवा आहे, हें मात्र दोघेही गृहीत धरून चालतात. आमचें मत निराळें आहे. आडगांवीं एकट्या बसलेल्या शिक्षकापर्यंत शिकविण्याची चांगली रीत पोंचवावी कशी, आणि ती पोंचवितांना त्यास शहाणा करावें कीं केवळ आज्ञाधारक, हा प्रश्न इंग्रजी अमदानीच्या आरंभापासूनचा आहे.

पेशवाई बुडून चार वर्षें झालीं नाहींत तोंच, सन १८२२ मध्यें, मुंबईंत देशी भाषांतील शाळा व शालोपयोगी पुस्तकें यांसाठीं एक मंडळी स्थापन झाली. एल्फिन्स्टन साहेबांचा तीस पाठिंबा होता, आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचें काम पाहत. पुस्तकें छापलीं तरी तीं शिकविणार कोण, ही अडचण लौकरच उभी राहिली. तेव्हां मुंबईंत निवडक लोकांना तयार करून सन १८२६ च्या सुमारास २४ शिक्षक गुजरात, कोंकण व देश या भागांत पाठविण्यांत आले. त्यांना दिलेल्या रीतीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. डॉ. अँड्र्यू बेल यांनीं १८ व्या शतकाच्या अखेरीस मद्रासेकडील देशी शाळेंत मुलांना वाळूवर अक्षरें गिरवितांना पाहिलें, व वरच्या मुलानें खालच्यास शिकवावें अशी पद्धति बसविली. ती इंग्लंडांत गाजली, आणि तिकडचा शिक्का घेऊन परत येथें आली! आपलीच वस्तु परक्या पेठेंतून विकत घेण्याची आपली संवय इतकी जुनी आहे.

पुढें सन १८४५ मध्यें एल्फिन्स्टन विद्यालयास जोडून शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला, व तो बाळशास्त्री जांभेकरांकडे सोंपविण्यांत आला. दक्षिण कोंकणांतील शाळांची तपासणी केल्यामुळें शिक्षकाची खरी उणीव कोठें आहे हें त्यांस प्रत्यक्ष ठाऊक होतें. दुर्दैवानें पुढच्याच वर्षीं ते निवर्तले. सन १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें अशा वर्गांस सरकारी धोरणाचें स्वरूप दिलें. परंतु शिक्षक कोणत्या थरांतून यावा हा मुद्दा कोणी धसास लावला असेल तर तो जोतीराव फुल्यांनीं. सन १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें त्यांनीं सांगितलें कीं, नांगर धरण्याची लाज न वाटणाऱ्या लोकांतून शिक्षक तयार करावेत, आणि त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा. तालमीचा प्रश्न पोटाच्या व प्रतिष्ठेच्या प्रश्नापासून तोडतां येत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. आजच्या पडदेवाल्या योजनांत नेमका हाच धागा सुटतो.

आतां आजच्या विषयाशीं अधिक जवळचें उदाहरण घेऊं. सन १८६१ मध्यें पुण्यास 'मराठी शालापत्रक' निघालें. तें शिक्षकांसाठीं होतें, आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं तें संपादिलें. तालमीचा वर्ग सोडून खेड्यांत गेलेल्या पंतोजीस महिन्याच्या महिन्यास कांहीं नवें वाचावयास मिळावें, हा अशा पत्राचा मोठा उपयोग. आज ज्यास 'ऑनलाइन साहित्य' म्हणतात, त्याचें हें टपालांतून येणारें पूर्वरूप होय. सन १८६८ पासून विष्णुशास्त्री संपादक झाले; त्यांची लेखणी मिशनऱ्यांवर व सरकारी कारभारावर चालूं लागली, आणि सन १८७५ मध्यें पत्रक बंद पडलें. यांतील बोध उघड आहे. वरून येणारा पुरवठा जोंवर नमुन्याचे पाठ देतो तोंवर तो चालतो. त्यांतून मत प्रगट होऊं लागलें कीं ज्या हातानें नळ सोडला तोच तो बंद करतो. ताराबाई मोडकांनीं चालविलेल्या मराठी 'शिक्षणपत्रिके'चें तसें नव्हतें. ती बालशिक्षणाच्या चळवळीच्या आधारावर उभी असल्यामुळें तिचा सूर शेवटपर्यंत शिक्षकाचा राहिला.

मुंबईच्या उपनगरांची कथा या इतिहासांत उशिरां येते. सन १९२० मध्यें साष्टीचा भाग ठाण्याहून निराळा काढून उपनगर जिल्हा केला गेला. अंधेरी व घाटकोपर सन १९५० मध्यें, आणि बोरिवली व मुलुंड सन १९५७ मध्यें बृहन्मुंबईंत आलीं. तोंवर शिक्षकाच्या तालमीचें माहेरघर जुन्या शहरांतच होतें. माध्यमिक शिक्षकांचें सरकारी महाविद्यालय सन १९०६ पासून तेथेंच आहे. परंतु पुढें पारडें फिरलें. सन १९७४ मध्यें सुरू झालेलें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आज मानखुर्दास आहे. जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा भागांत जाऊन, शिक्षकांशीं बोलून, त्यांच्या अडचणींतून साहित्य तयार करण्याची त्या केंद्राची जुनी रीत आम्हांस विशेष मोलाची वाटते. पवईच्या आय.आय.टी.नें संगणकाचे पाठ मराठींतून ऐकविण्याची सोय केली. शिक्षक ज्या साहित्यासाठीं पूर्वीं फोर्टांत जात, तें आतां उपनगरांतून सर्व देशांत जाऊं लागलें.

दूरदर्शनचेंही पर्व मध्यंतरीं होऊन गेलें. सन १९८४ मध्यें पुण्यास 'बालचित्रवाणी' स्थापन झाली, व तिच्या कार्यक्रमांवर एक पिढी वाढली. सन २०१७ मध्यें ती बंद झाली. शालापत्रकाशीं तिची तुलना करण्याचा मोह आवरत नाहीं; मात्र शालापत्रक बोललें म्हणून गेलें, ही संस्था उपेक्षेनें गेली. त्याच वर्षीं, ५ सप्टेंबर रोजीं, केंद्र सरकारचें 'दीक्षा' हें व्यासपीठ सुरू झालें, आणि महाराष्ट्रानें पाठ्यपुस्तकांत क्यू.आर. कोड छापण्याचें ठरविलें. ही कल्पना मंत्रालयांत जन्मली नव्हती. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे प्राथमिक शिक्षक रणजितसिंह डिसले यांनीं ती आपल्या वर्गांत आधीं वापरून दाखविली होती. सन २०२० मध्यें त्यांना दहा लाख डॉलरचें जागतिक पारितोषिक मिळालें, व त्यांतील अर्धा भाग त्यांनीं इतर नऊ स्पर्धकांस वांटून दिला. १८२६ सालीं रीत मुंबईहून खेड्यांत गेली होती; येथें ती खेड्यांतून मुंबईस आली. या सर्व इतिहासांत इतकी आशादायक घटना आम्हांस दुसरी दिसत नाहीं.

मग संशय कशाचा? सन २०१९ मध्यें 'निष्ठा' ही योजना निघाली. देशांतील सुमारें ४२ लक्ष शिक्षकांना तालीम द्यावी असा तिचा संकल्प होता. साथीमुळें पुढच्या वर्षीं ती पडद्यावर आली : प्राथमिक शिक्षकांसाठीं १८ घटक, आणि शेवटीं प्रमाणपत्र. सन २०२० च्या धोरणानें प्रत्येक शिक्षकास वर्षास ५० तासांची तालीम सांगितली. तास मोजतां येतात, प्रमाणपत्रें मोजतां येतात. वर्गांत काय बदललें तें मोजतां येत नाहीं. जें मोजतां येतें त्याचाच कारभार होऊं लागतो, हा नोकरशाहीचा स्वभावच आहे.

साथीच्या काळांत उपनगरांनीं या साधनाची कठोर परीक्षा पाहिली. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणून राज्यानें रोज पाठ पाठविले. तो उद्योग स्तुत्य होता. परंतु घाटकोपरच्या डोंगरावरील एका खोलीच्या घरांत जेथें तीन भावंडें आणि एक मोबाईल, व तोही बापाबरोबर सकाळीं कामावर जाणारा, तेथें पाठ पोंचला तो शिक्षकाच्या खटपटीनें. मूल मोबाईल केव्हां धरूं शकेल, कोणाच्या घरीं बसूं शकेल, हें कोणत्याही व्यासपीठास माहीत नव्हतें, शिक्षकास होतें. शिवाय मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांतून चालतात. मुलुंडच्या मराठी वर्गास जें सोपें, तें शेजारच्या तामीळ वा उर्दू वर्गासही तितकेंच सोपें असेल, असें धरून चालतां येत नाहीं.

तात्पर्य, साधनास नांवें ठेवण्यांत शहाणपण नाहीं. शालापत्रकास जें महिन्यानें साधे, तें आज क्षणांत साधतें. आमचें मागणें एवढेंच कीं, शिक्षकास या व्यासपीठाचा केवळ ग्राहक न ठेवतां लेखक करावें. त्यानें केलेला पाठ, त्यानें घेतलेला आक्षेप, त्याच्या वर्गांतला फसलेला प्रयोगसुद्धां तेथें छापला जावा, आणि त्यास लागणारा वेळ नोकरीच्या वेळेंत धरावा, रात्रीच्या झोपेंत नव्हे. त्या २४ पंतोजींना जें सांगितलें तें त्यांनीं शिकविलें. त्यांस काय आढळलें हें कोणी विचारलें असल्याची खूण उरलेली नाहीं. तें विचारण्याचें साधन आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशांत आहे. विचारण्याची इच्छा मात्र साधनाबरोबर येत नाहीं.